प्रतिद्रव्यावर चालणाऱ्या यानाला किती ऊर्जा आणि किती वस्तुमान लागेल : घरबसल्या मांडता येणारा हिशेब

नागपुरात मे महिन्यात कूलर रात्रंदिवस चालतो आणि दुपारी एसी लावल्याशिवाय गत्यंतर नसते, त्यामुळे गेल्या मे महिन्याचे आमच्या घरचे विजेचे बिल ४८० युनिटचे आले. एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल, म्हणजे ४८० युनिटचे झाले सुमारे १७३ कोटी जूल. हीच ऊर्जा आइन्स्टाइनच्या सूत्राने वस्तुमानात मांडली, तर ती १९ मायक्रोग्रॅम भरते. ज्या विजेच्या बिलाने महिन्याचे गणित बिघडले, ती सगळी वीज चिमटीत धरलेल्या धुळीच्या कणाइतकीसुद्धा नव्हती. पुढचा सगळा हिशेब याच मापाने करायचा आहे. त्यासाठी साधे कॅल्क्युलेटर, वही आणि बारावीपर्यंतचे भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

पायरी पहिली : ऊर्जा किलोत मोजा

जूल हे एकक इथे गैरसोयीचे ठरते, कारण शून्ये मोजण्यातच चुका होतात. एक किलो वस्तुमान म्हणजे ९ कोटी अब्ज जूल एवढे एकदाच लक्षात ठेवावे आणि मग जूल बाजूला ठेवून प्रत्येक ऊर्जा थेट किलोग्रॅममध्ये लिहावी. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर धरला, तर उत्तरात फरक पडतो तो नगण्य.

दुसरे माप आपल्या शहराजवळचे घेऊ. कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत. हे तिन्ही संच वर्षभर एक क्षणही न थांबता पूर्ण क्षमतेने चालले, तर सुमारे १,७३४ कोटी युनिट वीज तयार होईल आणि ती वस्तुमानात मांडल्यास साधारण ७०० ग्रॅम भरेल. या मापाला मी ‘कोराडी-वर्ष’ म्हणतो. शब्द माझ्या पदरचा आहे, पण मोठे आकडे डोक्यात बसवायला तो फार उपयोगी पडतो.

प्रतिद्रव्य म्हणजे साध्या द्रव्याचे उलट भाराच्या कणांचे जुळे रूप; दोन्ही भिडली की दोघांचेही वस्तुमान ऊर्जेत बदलते. त्याच्या बाबतीत एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करावी. एक ग्रॅम प्रतिद्रव्य नष्ट होताना साधे द्रव्यही एक ग्रॅम घेऊनच जाते, म्हणून मोकळी होणारी ऊर्जा दोन ग्रॅमची असते. टीएनटी स्फोटकाच्या भाषेत ती सुमारे ४३ किलोटन होते. म्हणजे हिशेबात जी एकूण ऊर्जा निघेल तिच्या निम्मे प्रतिद्रव्य, आणि उरलेला निम्मा वाटा साध्या हायड्रोजनचा. हा ‘निम्मे’ विसरल्याने दुप्पट किंवा अर्धे उत्तर काढणारे पुष्कळ भेटतात.

पायरी दुसरी : यान आणि वेग ठरवा

उदाहरणासाठी १,००० किलोचे रिकामे यान घेऊ. ‘रिकामे’ म्हणजे इंधन सोडून बाकी सगळे, टाकी, इंजिन आणि उपकरणे धरून. या एका टनात काय काय मावेल याचा विचार शेवटी करावाच लागेल.

वेग दोन घेऊ. पहिला सेकंदाला ३० किलोमीटर, जो सूर्यमालेतल्या वेगवान प्रवासाला शोभेल. दुसरा प्रकाशाच्या एक दशांश, म्हणजे सेकंदाला ३०,००० किलोमीटर. या दुसऱ्या वेगाने ४.२४ प्रकाशवर्षांवरच्या प्रॉक्झिमा सेंटॉरी या शेजारच्या ताऱ्याला पोहोचायला ४२ वर्षांहून थोडा अधिक काळ लागेल. नासाचे व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जात आहे, आणि त्याला तेवढेच अंतर कापायला जवळजवळ ७५,००० वर्षे लागतील.

रासायनिक इंधनाचे काय होते तेही इथेच पाहून घ्यावे. द्रव हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजन जाळणाऱ्या उत्तम इंजिनाचा झोत सेकंदाला साधारण साडेचार किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्हस्कीने १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या अग्निबाणाच्या सूत्रात हा आकडा घातला, तर एक टन यानाला ३० किलोमीटरचा वेग द्यायला ७८५ टन इंधन लागते. प्रकाशाच्या एक दशांश वेगासाठी तेच सूत्र लावले, तर इंधनाच्या टनांचा आकडा २,८९६ अंकी येतो. दृश्य विश्वातले सगळे द्रव्य किलोत मोजले, तरी तो आकडा ६० अंकांच्याही आत राहतो. रासायनिक इंधनाचा विषय इथे संपला.

पायरी तिसरी : किमान ऊर्जा काढा, पण तिथे थांबू नका

गतिज ऊर्जा किलोत काढणे अगदी सोपे आहे. यानाचा वेग भागिले प्रकाशाचा वेग हा अपूर्णांक घ्यावा, त्याचा वर्ग करावा, यानाच्या वस्तुमानाने गुणावे आणि निम्मे करावे. एक दशांश वेगासाठी १,००० × ०.०१ ÷ २, म्हणजे ५ किलो. सेकंदाला ३० किलोमीटरसाठी हा अपूर्णांक दहा हजारात एक, म्हणून ऊर्जा ५ मिलिग्रॅम. सापेक्षतावादाचे नेमके सूत्र वापरले तर पहिला आकडा ५.०४ किलो येतो, म्हणजे फरक एका टक्क्याच्या आसपास. प्रकाशाच्या ३० टक्क्यांपुढे मात्र हे सोपे सूत्र वापरू नये.

काही वर्षांपूर्वी एका वर्गात मी फळ्यावर ५ किलो लिहिले, निम्मे केले, ‘म्हणून अडीच किलो प्रतिद्रव्य’ असे लिहून खाली दुहेरी रेघ मारली आणि खडू खाली ठेवला. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, “सर, पण यानानं ढकललं कशाला?” घंटा होईपर्यंत मला नीट उत्तर देता आले नाही. तिचा प्रश्न हाच या विषयाचा गाभा आहे. जमिनीवरची गाडी पृथ्वीला ढकलते. अवकाशात ढकलायला काही नसते, म्हणून यानाला स्वतःजवळचेच काहीतरी मागे फेकावे लागते, आणि जे फेकले जाते तेही ऊर्जेचा वाटा घेऊन जाते. ऊर्जेइतकाच संवेगाचाही हिशेब जुळला पाहिजे. अडीच किलो हा आकडा फक्त तळ दाखवतो, यान तेवढ्यावर जात नाही.

मग मागे काय फेकायचे? सर्वांत आकर्षक उत्तर म्हणजे प्रकाश. सगळे प्रतिद्रव्य नष्ट करायचे आणि निघणारे किरण आरशाने मागे वळवायचे. सापेक्षतावादी अग्निबाणाचे सूत्र स्विस शास्त्रज्ञ आकेरेट यांनी १९४६ मध्ये मांडले. त्यानुसार प्रकाशझोताच्या यानाचे सुरुवातीचे आणि शेवटचे वस्तुमान यांचे गुणोत्तर काढायला १ अधिक वेग भागिले १ वजा वेग करून वर्गमूळ घ्यायचे, आणि वेग प्रकाशाच्या पटीत मांडायचा. एक दशांशसाठी १.१ भागिले ०.९, त्याचे वर्गमूळ १.१०५५. म्हणजे १,००० किलोच्या यानाला १०५ किलोंहून थोडे अधिक इंधन लागेल, आणि त्यातले प्रतिद्रव्य ५३ किलो. तळ अडीच किलोंचा आणि गरज ५३ किलोंची! प्रकाश ऊर्जा भरमसाट नेतो आणि तिच्या मानाने संवेग अगदी थोडा देतो, त्यामुळे या वेगाला प्रकाशझोत ही उधळपट्टीच ठरते. प्रकाशाच्या निम्म्या वेगासाठी हेच सूत्र ३६६ किलो प्रतिद्रव्य मागते. शिवाय गॅमा किरण परतवणारा आरसा कोणाजवळ नाही, हे वेगळेच.

पायरी चौथी : साधे द्रव्य मिसळा

भिवापुरी मिरची कोणी नुसती खात नाही, ती भांडेभर रश्श्यात उतरवतात. प्रतिद्रव्याचेही तसेच करायचे. थोडे प्रतिद्रव्य नष्ट करून त्या ऊर्जेने पुष्कळ साधे द्रव्य तापवायचे आणि ते कमी वेगाने पण जास्त प्रमाणात मागे फेकायचे. असे केल्याने प्रतिद्रव्य वाचते. पण रस्सा किती वाढवायचा? फार वाढवला तर ते द्रव्य वाहून नेण्यातच ऊर्जा जाते, आणि फार कमी ठेवला तर झोत अवाजवी वेगवान होऊन ऊर्जा वाया जाते.

हे स्वतः करून पाहावे. झोताचा वेग यानाला हव्या असलेल्या वेगाच्या किती पट आहे ते निवडावे आणि तिसऱ्या पायरीतल्या तळाच्या किती पट ऊर्जा लागते ते काढावे. झोत यानाच्या दुप्पट वेगाचा असेल तर ऊर्जा २.५९ पट लागते आणि फेकायचे द्रव्य यानाच्या ०.६५ पट. झोत यानाइतकाच वेगवान असेल तर ऊर्जा १.७२ पट आणि द्रव्यही १.७२ पट. झोत यानाच्या निम्म्या वेगाचा घेतला तर ऊर्जा १.६० पट, द्रव्य ६.३९ पट. झोत एक तृतीयांशवर आणला की ऊर्जा पुन्हा २.१२ पटीवर चढते आणि द्रव्य १९ पट होते. या सगळ्यांच्या मध्ये, झोताचा वेग यानाच्या वेगाच्या ०.६३ पट असताना ऊर्जा सर्वांत कमी, १.५४ पट, लागते. त्या ठिकाणी फेकायचे द्रव्य यानाच्या ३.९ पट असते, म्हणजे भरलेले यान रिकाम्या यानाच्या सुमारे ४.९ पट.

हे ४.९ गुणोत्तर प्रवासाच्या वेगावर अवलंबून नाही, आणि मला या संपूर्ण विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. मंगळाजवळ जायचे असो की शेजारच्या ताऱ्याकडे, एका टनाच्या यानाबरोबर ३.९ टन साधे द्रव्य घ्यायचे. बदलते ती फक्त मिरची. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट फॉरवर्ड यांनी १९८० च्या दशकात प्रतिद्रव्य-प्रणोदनावर जे काम केले, त्यात या निष्कर्षावर भर दिला होता.

आता आकडे घालू. एक दशांश वेगासाठी ५ किलो गुणिले १.५४, म्हणजे ७.७ किलो ऊर्जा, आणि तिच्या निम्मे ३.८६ किलो प्रतिद्रव्य. सेकंदाला ३० किलोमीटरसाठी आकडे तेच राहतात, फक्त किलोच्या जागी मिलिग्रॅम लिहायचे.

हे ३.९ टन द्रव हायड्रोजन म्हणून नेले तर ५५ घनमीटर जागा लागते. उन्हाळ्यात वस्तीत येणारे दहा हजार लिटरचे पाण्याचे टँकर डोळ्यांसमोर आणा, तसे साडेपाच टँकर. तेवढेच वस्तुमान पाण्याच्या रूपात नेले तर अर्ध्या टँकरपेक्षाही कमी जागा पुरते. ऊर्जेच्या हिशेबाला द्रव्य कोणते याचा फरक पडत नाही, टाकीच्या वजनाला मात्र पडतो.

पायरी पाचवी : गळती धरा

इथपर्यंत आपण मोकळी झालेली सगळी ऊर्जा झोतात गेली असे मानले. प्रत्यक्षात प्रोटॉन आणि त्याचा प्रतिद्रव्यातला जोडीदार प्रतिप्रोटॉन भिडले की पायॉन नावाचे अल्पायुषी कण निघतात, सरासरीने तीन विद्युतभारित आणि दोन उदासीन. उदासीन पायॉन जवळजवळ तत्क्षणी गॅमा किरणांत मोडतात आणि ते किरण सगळ्या दिशांना पसरतात. एकूण ऊर्जेचा सुमारे ४० टक्के वाटा असा जातो. भारित पायॉनांच्या स्वतःच्या वस्तुमानात आणखी २२ टक्के अडकलेली असते. उरते ती भारित पायॉनांची गतिज ऊर्जा, साधारण ४० टक्के. हे पायॉन प्रकाशाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त वेगाने धावतात आणि सरासरी २१ मीटर गेल्यावर मोडतात, म्हणून चुंबकीय क्षेत्राने त्यांना वळवून हायड्रोजनमध्ये ऊर्जा उतरवण्याचे काम तेवढ्याच अंतरात उरकावे लागते.

सगळे ४० टक्के वापरता येतील असे मानणे उदारपणाचे आहे, पण हिशेबाला हाच आकडा घेऊ. ३.८६ भागिले ०.४, म्हणजे ९.६५ किलो. इथे एक सोयीचा योगायोग हाती लागतो. प्रतिद्रव्याचे वस्तुमान जवळजवळ रिकाम्या यानाचे वस्तुमान गुणिले वेगाच्या अपूर्णांकाचा वर्ग, एवढेच येते. १,००० गुणिले ०.०१ म्हणजे १० किलो. सेकंदाला ३० किलोमीटरसाठी १० मिलिग्रॅम. तोंडी हिशेबाला एवढे पुरे.

कोणी विचारेल की पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे प्रतिकण, का नकोत, ते तर प्रतिप्रोटॉनपेक्षा सोप्याने मिळतात. केळ्यातल्या पोटॅशियममधूनही अधूनमधून एखादा पॉझिट्रॉन सुटतो. पण इलेक्ट्रॉनशी भिडल्यावर त्याचे फक्त गॅमा किरण होतात आणि चुंबकाने वळवण्याजोगे काहीच उरत नाही.

थांबायचे असेल तर

वरचा हिशेब ताऱ्याजवळून सुसाट निघून जाणाऱ्या यानाचा आहे. तिथे थांबायचे असेल तर वेग कमी करायलाही तेवढाच जोर लागतो, म्हणजे एकूण वेगबदल दुप्पट होतो. वेगाचा वर्ग असल्याने प्रतिद्रव्य चौपट, सुमारे ३९ किलो. साधे द्रव्य मात्र तेच ३.९ टन राहते, फक्त झोताचा वेग दुप्पट ठेवावा लागतो. विद्यार्थी इथे हमखास ४.९ चा वर्ग करून २४ टनांचे यान काढतात. टप्प्याटप्प्याने हिशेब केल्यामुळे तसे होते. एकूण वेगबदल एकत्र धरून झोताचा वेग नव्याने निवडावा.

पायरी सहावी : हे प्रतिद्रव्य तयार करायला काय लागेल

निसर्गाचा नियम असा की ऊर्जेतून एक प्रतिप्रोटॉन काढायचा तर बरोबर एक प्रोटॉनही तयार होतो. म्हणून कितीही उत्तम कारखाना असला तरी निम्मी ऊर्जा साध्या द्रव्यात जाणारच. या आदर्श कारखान्याला ९.६५ किलोंसाठी १९.३ किलो ऊर्जा लागेल, म्हणजे २८ कोराडी-वर्षे. आणि १० मिलिग्रॅमसाठी? तीच कोराडी फक्त १५ मिनिटे.

वास्तव फार वेगळे आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत २६ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टचे प्रोटॉन इरिडियमच्या लक्ष्यावर आदळतात, आणि सुमारे पाच लाख प्रोटॉनांमागे एक प्रतिप्रोटॉन हाती लागतो. केवळ झोताची ऊर्जा धरली तरी दीड कोटीत जेमतेम एक भाग प्रतिप्रोटॉनच्या वस्तुमानात उतरतो. तो झोत तयार करायला लागणारी वीज धरली की हा वाटा अब्जात एकच्या आसपास येतो. या दराने आपल्या १० मिलिग्रॅमला १४,००० कोराडी-वर्षे लागतील आणि ९.६५ किलोंना १,४०० कोटी, म्हणजे कोराडी विश्वाच्या जन्मापासून चालू असती तरी काम नुकतेच कुठे संपत आले असते.

उत्पादनाचा वेग हा आणखी एक अडसर. तिथे दर शंभरेक सेकंदांनी सुमारे तीन कोटी प्रतिप्रोटॉन मिळतात. ऐकायला मोठा वाटणारा हा आकडा वर्षभर न थांबता साठवत राहिला, तरी ग्रॅमच्या सहा हजार कोटींव्या भागाएवढाच साठा होईल. म्हणजे एका ग्रॅमला सहा हजार कोटी वर्षे आणि १० मिलिग्रॅमला साठ कोटी.

पायरी सातवी : ठेवायचे कुठे

विद्युतभारित प्रतिप्रोटॉन चुंबकीय आणि विद्युत क्षेत्राच्या पिंजऱ्यात ठेवतात. सर्नमधल्या बेस प्रयोगाने २०१५-१६ मध्ये प्रतिप्रोटॉन ४०५ दिवस सांभाळून दाखवले, म्हणजे टिकवण्याचे तंत्र वाईट नाही. अडचण दाटीची आहे, कारण समान भाराचे कण एकमेकांना दूर ढकलतात. ५ टेस्लाच्या चुंबकात एका घनसेंटिमीटरला जास्तीत जास्त साडेसहा हजार कोटी प्रतिप्रोटॉन मावतात. हिशेब केला तर १० मिलिग्रॅमसाठी ९१,००० घनमीटरचा पिंजरा लागतो, म्हणजे प्रत्येक बाजूने ४५ मीटरचा ठोकळा, आणि तो पूर्ण भरून ५ टेस्लाचे क्षेत्र. एका टनाच्या यानात ते बसवण्याचा प्रश्नच येत नाही.

दुसरा मार्ग प्रतिप्रोटॉन आणि पॉझिट्रॉन मिळून होणारा उदासीन प्रतिहायड्रोजन गोठवण्याचा. सर्नच्या अल्फा प्रयोगाने २०११ मध्ये प्रतिहायड्रोजनचे अणू हजार सेकंद धरून ठेवले होते, पण ते मोजके सुटे अणू होते, बर्फ नव्हे. बर्फ करता आला, तर १० मिलिग्रॅमचा तुकडा हरभऱ्याच्या दाण्याच्या आसपास असेल आणि ९.६५ किलोंचा साठा ११३ लिटरचा, म्हणजे पाण्याच्या मोठ्या पिंपाच्या निम्म्याहून थोडा जास्त. तो भिंतीला न टेकवता चुंबकाने अधांतरी ठेवायचा आणि बाष्प सुटू नये म्हणून निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड ठेवायचा. आकारमानाची चिंता तेवढ्याने मिटते.

पायरी आठवी : उष्णता

बहुतेक उत्साही हिशेब ही पायरी गाळतात, आणि यान मात्र इथेच वितळते. ९.६५ किलो प्रतिद्रव्य एका वर्षात वापरायचे ठरवले, तर इंजिनाची सरासरी शक्ती ५५,००० मेगावॅट येते. अठ्ठावीस कोराडी, एका टनाच्या यानावर. त्यातले ६० टक्के, म्हणजे ३३,००० मेगावॅट, झोतात जात नाहीत. त्यांपैकी बहुतेक गॅमा किरण अवकाशात निघून गेले आणि फक्त एक टक्का यानाच्या अंगात शोषला गेला असे धरले, तरी ३३० मेगावॅट उष्णता उरते.

अवकाशात वारा नाही, कूलर नाही. उष्णता फक्त प्रारणाने बाहेर टाकता येते. १,५०० केल्व्हिनला तापवलेला पत्रा दोन्ही बाजूंनी मिळून चौरस मीटरला ५.७ लाख वॅट फेकतो, म्हणून ३३० मेगावॅटसाठी सुमारे ५८० चौरस मीटर पत्रा लागेल. एका चौरस मीटरचे वजन केवळ एक किलो धरले तरी यानाचे निम्म्याहून अधिक वजन रेडिएटरनेच खाल्ले. वेग घेण्याचा काळ एका वर्षाऐवजी दहा वर्षांचा केला तर हे क्षेत्र ५८ चौरस मीटरवर येते आणि प्रवास सुमारे पाच वर्षांनी लांबतो. हा सौदा मला परवडणारा वाटतो.

आता दुसऱ्या पायरीकडे परत जावे. तिथे धरलेल्या एका टनात ५५ घनमीटरची हायड्रोजनची टाकी, २१ मीटर लांबीचे चुंबकीय इंजिन, त्याच्या वेटोळ्यांची गॅमा किरणांपासून आडोसा देणारी ढाल, प्रतिहायड्रोजनची शीतपेटी, रेडिएटर आणि मग उरलेच तर उपकरणे बसवायची आहेत. ते जमत नाही. रिकामे यान ४ टनांचे धरून हिशेब पुन्हा केला की साधे द्रव्य १५.७ टन होते, प्रतिद्रव्य ३९ किलो, आणि ताऱ्याजवळ थांबायचे असल्यास १५४ किलो. मग उष्णताही चौपट झालेली असते, म्हणून रेडिएटर पुन्हा मोजायचा आणि रिकाम्या यानाचा आकडा स्थिर होईपर्यंत दुसऱ्या आणि आठव्या पायरीच्या दरम्यान अशाच फेऱ्या मारायच्या. माझ्या वहीत चौथ्या फेरीनंतर पान संपले होते.